घोगरं स्पॅनिश

सासू सुनेचं कौतुक करायला लागली की ऐकणाऱ्याला वाटतं, सून दाराआड उभी असणार. नाही हो, ती शाळेत गेलीय, संध्याकाळशिवाय यायची नाही. आणि कौतुक म्हणाल तर तेही मी हात राखूनच करणार आहे. माझी जीभ तिखट आहे हे मला सगळ्यांनी सांगून झालंय, तुम्ही पुन्हा सांगू नका. आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले मी. एका जागी उभं न राहणाऱ्या पोरांची मापं घ्यायची म्हणजे गोड बोलून भागत नाही. पण या वर्षी आमच्या घरात जे झालं, ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझी सून माध्यमिक शाळेत फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवते. लग्नाआधी मुलानं हे सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि भांडते कुठल्या भाषेत?" तो म्हणाला, "आपल्याच." म्हटलं, मग काही हरकत नाही, आण घरी.

फ्रेंचकडे ती वळली तीही एक गंमतच आहे. कॉलेजात नाव घालायला गेली, तर जो विषय हवा होता त्याच्या खिडकीपुढे ही मोठी रांग. शेजारच्या खिडकीपुढे कुणीच नाही. आतला कारकून जांभया देत बसलेला. उन्हात उभं राहायचा कंटाळा आला म्हणून ही त्या खिडकीशी गेली, आणि ती फ्रेंचची निघाली. लोक आवडीनं शिकतात, ध्येयानं शिकतात, आमची सून सावली बघून शिकली. पण एकदा शिकायला लागली ती लागलीच. स्पॅनिश मात्र पुष्कळ पुढचं, नात झाल्यावर. मी इस्त्री करत असायची आणि ही ओट्याशी टेकून धडे म्हणायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी मध्ये मध्ये "हां, बरोबर" म्हणायची मी. कुणीतरी म्हणावं लागतं.

तिचा वर्ग शाळेच्या अगदी टोकाला आहे, खेळाच्या हॉलला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर चेंडू आपटतात आणि शिट्ट्या वाजतात. तिच्या टेबलाच्या खणात दोन स्कार्फ असतात. गळ्यात निळा असला की फ्रेंच, तांबडा असला की स्पॅनिश. निळा असताना ती मादाम, तांबडा असताना सेन्योरा. आणि स्कार्फ गळ्यात आहे तोवर आपली भाषा तिला कळतच नाही. पोरगं बाहेर जायला मागत असलं, तरी त्यानं ते स्कार्फाच्या भाषेतच मागायचं. एकदा एक मुलगा स्पॅनिशमध्ये "बाहेर जाऊ का" आठवता आठवता पार रडकुंडीला आला. तो आता ते वाक्य जन्मात विसरायचा नाही.

आणि शिकवायची पद्धत एकच. "माझ्यामागून म्हणा." आधी ती म्हणणार, मग वर्ग म्हणणार. मग पुन्हा ती, पुन्हा वर्ग. तोंडातून निघाल्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही, असं तिचं म्हणणं. पलीकडून चेंडू आपटला की ती आवाज चढवणार, शिट्टी वाजली की आणखी चढवणार. असे दिवसभर तास, वर्षानुवर्षं.

घरी आली म्हणून गप्प बसेल तर शप्पथ. बोलण्यात आम्ही दोघी एकमेकींना हार जाणाऱ्या नव्हेत. तिसरी आमची नात, तिला आम्ही भुणभुण म्हणतो, यावरून काय ते समजा. मुलगा तेवढा मुका. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खोक्यात एकटा असतो, आणि संध्याकाळी आमच्या तिघींच्या कलकलाटात खाली मान घालून जेवतो. त्याला विचारलं तर म्हणतो, बरं वाटतं.

तर त्या दिवशी शाळेत तोंडी परीक्षा होती. दरवर्षी बाहेरून एक परीक्षक बाई येतात, एकेका मुलाला समोर बसवून फ्रेंचमध्ये नाहीतर स्पॅनिशमध्ये गप्पा मारतात आणि गुण देतात. या वर्षी स्पॅनिशच्या मुलांची पहिलीच परीक्षा, कारण शाळेत स्पॅनिश सुरू होऊन दोनच वर्षं झालेली. सून आदल्या दिवसापासून हवेत होती. संध्याकाळी घरी आली ती हसतच आली. चपला काढायच्या आधी म्हणाली, "आई, आज काय झालं माहितीये? ताटं घ्या, जेवताना सांगते."

जेवायला बसलो आणि तिनं सांगितलं ते असं. परीक्षा संपल्यावर परीक्षक बाई तिला म्हणाल्या, "मुलं छान तयार केलीत. न घाबरता बोलतात. पण एक विचारू? तुमच्या स्पॅनिशच्या वर्गात साथ आलीय का कसली? सगळ्यांचे घसे बसलेत. फ्रेंचची मुलं मात्र ठणठणीत आहेत."

सुनेला काही कळेना. मग परीक्षक बाईंनी बाहेर थांबलेल्या एका मुलीला परत आत बोलावलं आणि साध्या आपल्या भाषेत विचारलं, "काय गं, घसा कधीपासून दुखतोय?"

"माझा? नाही दुखत," मुलगी म्हणाली. आवाज घंटेसारखा खणखणीत.

"मग मघाशी स्पॅनिश बोलताना तो घोगरा आवाज कसला होता?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "स्पॅनिश असंच बोलतात ना!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मुलगासुद्धा हसला, आणि तो हसला म्हणजे बघा. भुणभुणीला तर ऊतच आला. ती खुर्चीवर उभी राहिली, टॉवेलचा स्कार्फ केला आणि बेडकासारखा आवाज काढून म्हणाली, "माझ्यामागून म्हणाऽऽ!" इतकी हुबेहूब नक्कल केली कार्टीनं की सुनेलाही हसू आवरेना, आणि ती हसता हसता खोकायला लागली.

मुलगा पाणी द्यायला उठला आणि पेला हातात धरून तसाच थांबला. म्हणाला, "पण पोरांनी हे उचललं कुठून?"

"कुठून म्हणजे? माझ्याकडूनच," सून म्हणाली. "त्यांनी दुसऱ्या कुणाचं स्पॅनिश ऐकलंय कुठे?"

"मग फ्रेंचची मुलं?"

"ती जुनी आहेत. ती माझ्याकडे आली तेव्हा..." आणि तिथे ती थांबली.

तिचा हात आपसूक गळ्याशी गेला. मी तिला म्हटलं, "अगं, तुझा आवाज असाच आहे की." पण म्हणताना माझं मलाच खरं वाटेना. असाच होता का? रोज कानावर पडणारा आवाज, तो बदलला कधी ते कोण लक्षात ठेवतं. केस पिकतात ते काय एका दिवसात दिसतात?

मुलानं फोन काढला आणि भुणभुणीच्या तिसऱ्या वाढदिवसाचं चित्रण शोधून लावलं. केक कापताना सून तिला हाक मारते, "इकडे बघ, माझ्याकडे बघ!" तो आवाज ऐकला आणि माझ्या काळजात धस्स झालं. स्वच्छ, गोड, झऱ्याचं पाणी खळखळावं तसा. तो आवाज आमच्या घरातून निघून गेला होता आणि आम्हा कुणालाही पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुनेनं ते पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. मग फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "उद्या दाखवून येते डॉक्टरांना."

कान-नाक-घशाची डॉक्टरीण वयानं लहान होती, पण कामाची पक्की. तिनं नाकातून बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. पडद्यावर सुनेचा घसा आतून दिसायला लागला. मीही गेले होते, मला कोण अडवणार. आवाजाच्या दोन पांढुरक्या पट्ट्या उघडमीट करत होत्या, आणि डावीच्या कडेला एक गाठ. वाटाण्याएवढीही नव्हे, पण पडद्यावर केवढी थोरली दिसत होती मेली.

"ही काढायला लागेल," डॉक्टरीण म्हणाली. "आवाज ताणणाऱ्यांना होतात अशा गाठी, गायकांना, शिक्षकांना. पण ही एकाच बाजूला आहे आणि दिसायला मला थोडी वेगळी वाटतेय. काढून तपासायला पाठवू. तोवर डोक्यात काही घेऊ नका."

डोक्यात घेऊ नका म्हणे! मन चिंती ते वैरी न चिंती. घरी येईपर्यंत मी मनात सगळं करून मोकळी झाले होते, भुणभुणीच्या वेण्या कोण घालणार इथपर्यंत. त्या रोगाचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही. मुलगा आधीच कमी बोलायचा, आता तर "हो" आणि "नाही" एवढ्यावरच आला. सून तेवढी शाळेत जात राहिली, हळू आवाजात शिकवत राहिली. एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते, ती येऊन शेजारी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "गाठ वाईट निघाली तर काय करायचं ते डॉक्टर बघतील. पण ती चांगली निघाली आणि आवाजच परत आला नाही तर? डॉक्टर म्हणाल्या, तसंही होतं कधी कधी. मला दुसरं काही येत नाही हो. मला बोलताच येतं फक्त."

यावर शहाण्या बाईनं काहीतरी धीराचं बोलावं. मी म्हटलं, "मग मी माझं देते तोंड. नाहीतरी सगळे म्हणतातच, ते एका माणसाला जास्त आहे." ती हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. कांद्यावर ढकलायची सोय होती, म्हणून बरं.

ऑपरेशन झालं, सकाळी नेलं आणि दुपारी परत आणलं. आणि डॉक्टरणीनं हुकूम काढला, एक शब्द बोलायचा नाही. आठवडेच्या आठवडे. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजल्यानं घशाला उलट जास्त त्रास होतो म्हणे. खाकरायचंही नाही. मी दहादा विचारलं, "अहो, निदान 'हं' तरी?" डॉक्टरीण म्हणाली, "'हं'सुद्धा नाही. आणि आजी, तुम्ही तिला प्रश्न विचारणं थांबवा." घ्या! भुणभुणीनं तिची पाटी आईच्या गळ्यात अडकवली, तिला वाटेल ते तिनं तिच्यावर लिहावं म्हणून.

मला वाटलं, आता ही घरी बसेल. कसली बसते! तिच्या जागी शिकवायला कुणी मिळेना. दोन परक्या भाषा येणारं माणूस काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं? मुख्याध्यापिका म्हणाल्या, तेवढे दिवस पोरांना खेळाच्या तासाला सोडू. सुनेनं पाटीवर लिहिलं, "मी येते. पोरं बोलतील." मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि चार दिवस करून बघा म्हणाल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती कोमट पाण्याची बाटली घरीच विसरली. मी ती घेऊन शाळेत गेले. शिपायानं मला ओळखलं, त्याच्या पोराचे गणवेश मीच शिवलेले. व्हरांड्याच्या टोकाशी पोचायच्या आधीच गलका कानावर आला. म्हटलं, गेलं! बाईला आवाज नाही, पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. दाराच्या काचेतून बघते तर सून फळ्याशी उभी, गळ्यात तांबडा स्कार्फ, हाताची घडी. आणि पोरं एकमेकांशी भांडतायत, स्पॅनिशमध्ये! एक मुलगा उभा राहून काहीतरी म्हणाला. सुनेनं डावी भुवई वर केली, एवढंच. झालं, चार जण त्याला चूक सांगायला उठले. त्या चारांचंही एकमत होईना. तिनं एकीकडे बोट दाखवलं, मान हलवली, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. भुवईवर अख्खा तास चालला होता हो. आपल्याला तोंड असून घरी कुणी ऐकत नाही.

मग तिनं एक यंत्र लावलं. त्यातून कुणा स्पॅनिश बाईचा आवाज आला, स्वच्छ, भरभर, मोकळा. पोरं चिडीचूप होऊन ऐकायला लागली. कान देऊन ऐकून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी फार काळजीनं वळून शेजारणीला म्हणाली, आपल्या भाषेत, "हिला नीट येत नाही गं."

मला बाहेर हसू आवरेना. आत सुनेला हसायचीही मनाई. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून फळ्याकडे वळली, आणि तिचे खांदे नुसते गदागदा हलत होते. मग तिथेच तिनं फळ्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं, आणि सगळा वर्ग वाचायला लागला. नंतर तिनं मला सांगितलं, म्हणजे पाटीवर सांगितलं, की तिनं लिहिलं होतं, "तिला येतं. आजारी मी होते. आता तिच्यामागून म्हणा."

मी बाटली शिपायाकडे दिली आणि परत फिरले. चालताना मला एकदम हलकं वाटलं. गाठीचं काहीच कळलं नव्हतं अजून, तपासणी व्हायची होती. तरी वाटलं, हिला काय होतंय!

पण घरी आले आणि पुन्हा तेच. फोन वाजला की हातातलं काम तसंच टाकायची मी. डॉक्टरीण म्हणाली होती, निकाल आला की कळवते. सुनेला तर फोनवर बोलता येत नव्हतं, म्हणून माझा नंबर दिलेला. मी फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन हिंडायची. कुणी कर्ज देऊ का विचारायला फोन केला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

तो फोन आला तो रविवार नव्हता, पण शाळेला काहीतरी सुट्टी होती. सून समोरच बसून वह्या तपासत होती. पडद्यावर डॉक्टरणीचं नाव दिसलं आणि तिनं पेन खाली ठेवलं. मी फोन कानाला लावला.

"आजी, रिपोर्ट आला," डॉक्टरीण म्हणाली. "साधी गाठ आहे. काहीही वाईट नाही. अगदी साधी. सांगा तिला."

आता बघा, मी बोलणारी बाई. झोपेतसुद्धा बोलते, असं माझा नवरा म्हणायचा. आणि त्या क्षणी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मी नुसती मान हलवतेय, तीही धड 'हो' नाही की 'नाही' नाही. समोर सून. तिला विचारता येत नाही. तिनं माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती हळूच उठली, पाटी घेतली. दोन अक्षरं खरडली, पुसली, आणि तिनं पाटी पुन्हा खाली ठेवली. माझ्या जवळ येऊन तिनं माझेच डोळे पुसले, आणि मला थोपटायला लागली. मलाच!

"अगं, साधी!" शेवटी फुटला एकदाचा आवाज. "साधी आहे, साधी! घाबरतेस काय, काही नाहीये तुला! साधी गाठ!"

मग ती खालीच बसली, जमिनीवर, खुर्ची शेजारी असून. तोंडातून आवाज काढायचा नाही म्हणून ओठ घट्ट मिटलेले, आणि हसतेय. मीही खाली बसले. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हटलं. फोनमधून डॉक्टरीण "हॅलो, हॅलो" करत होती. तिला म्हटलं, "बाई गं, तुझ्या तोंडात साखर पडो," आणि फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. मुलाला फोन करून सांगितलं, तर तो लिफ्टच्या खोक्यात होता. नुसतं म्हणाला, "बरं." नंतर खाली थांबलेल्या त्याच्या मदतनिसाकडून कळलं की साहेबांनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवली आणि आतच बसून राहिले. खाली लोक बटणं दाबत होते.

घर पुन्हा घर झालं. रात्री झोप लागायला लागली, जेवणाला चव आली. राहिलं होतं ते एकच. जखम भरली होती, पण त्या भरलेल्या पट्टीतून आवाज कसा निघेल ते डॉक्टरणीलाही सांगता येईना. "चांगला येईल असं वाटतंय," ती म्हणायची, "पण बोलल्याशिवाय मलाही कळणार नाही." म्हणजे ज्या गोष्टीवर तिचा शाळेतला सगळा संसार उभा होता, ती अजून बंद पेटीतच होती.

बोलायची परवानगी मिळायचा दिवस आला, तेव्हा आम्ही सगळेच गेलो. मुलानं रजा काढली, भुणभुणीनं शाळा बुडवली. डॉक्टरणीच्या खोलीत एवढी माणसं कधी मावली नसतील. तिनं नळी घालून पुन्हा बघितलं, पडद्यावर दोन्ही पट्ट्या गोऱ्यापान, गाठीचा मागमूस नाही. मग ती खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "बोला आता. हळू, सहज. जे सुचेल ते."

सुनेनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझ्याकडे बघितलं. मला कळलं तिच्या मनातलं. जोवर बोलत नाही तोवर आवाज असेलही. बोललं आणि नसला तर? मुलानं तिचा हात धरला. भुणभुण, जिचं तोंड कधी मिटत नाही, ती श्वास रोखून उभी. मलाही खूप काही म्हणावंसं वाटलं, पण मी ओठ दाबून धरले. आयुष्यात मी एवढं मोठं काम दुसरं केलं नसेल.

आणि ती बोलली. माझ्याकडे बघूनच बोलली.

"आई, स्वयंपाकघरातले सगळे डबे तुम्ही हलवलेत. साखर कुठेय मला सापडत नाही. ते आधी होते तिथे ठेवा."

बारीक होता आवाज. नवा कोरा असल्यासारखा, जरा कापरा. पण स्वच्छ! घोगरेपणाचा लवलेश नाही. वाढदिवसाच्या चित्रणातलाच तो, थोडा थकून परत आलेला. मुलानं तोंड फिरवलं, तेवढ्यानं लपतं थोडंच. आणि सून थांबली नाही. तिलाच खरं वाटत नसावं, म्हणून ती बोलतच सुटली.

"आणि माझ्या आईला फोनवर तुम्ही काय सांगितलंत? 'सूनबाई गप्प आहेत, घर कसं शांत शांत आहे.' मी शेजारच्या खोलीत होते, आई. मला बोलता येत नव्हतं, ऐकायला येत होतं. आणि हिला रोज शाळेतून येताना आइसक्रीम कोण देतं तेही मला माहितीये. आणि माझा निळा स्वेटर गरम पाण्यात..."

"पुरे, पुरे!" डॉक्टरीण हसत मध्ये पडली. "आज एवढंच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. उद्या थोडं जास्त."

सुनेनं निमूटपणे तोंड मिटलं. डोळे मात्र माझ्यावर रोखलेलेच, अजून पुष्कळ बाकी आहे अशा अर्थानं. आणि मी? लोकांदेखत सुनेनं मला झाडलं, मुलादेखत, नातीदेखत, परक्या डॉक्टरणीदेखत. एवढी बोलणी खाल्ली मी आणि मला इतका आनंद झाला होता की तिला धरून नाचावंसं वाटत होतं. स्वेटर आटवला होता मीच, कबूल. पण त्याचं पुढचं ऐकायचं राहिलंच ना!

घरी येताना ती पुन्हा गप्प, हुकमाप्रमाणे. ती रात्र मी कशी काढली माझं मला ठाऊक. सकाळी ती उठायच्या आधी चहा टाकला, दोन कप भरले, एक तिच्यापुढे सरकवला आणि समोर खुर्ची ओढून बसले.

"हं," म्हटलं, "बोल. स्वेटरपर्यंत आलो होतो आपण."